दुकानाला २५६, लेकीला १ टीबी: एसएसडी किती मोठी घ्यावी?

प्रश्न तासगावच्या एका बेदाणा अडत्यांचा आहे. त्यांच्या दुकानात इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा डेस्कटॉप आहे, त्यात ५०० जीबीची हार्डडिस्क. टॅली आणि जीएसटीचं काम त्यावरच चालतं. मशीन सुरू व्हायला सात-आठ मिनिटं लागतात. मुलगी सांगलीला वालचंद कॉलेजात सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या लॅपटॉपात २५६ जीबीची एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी, फिरते भाग नसलेली चिपांची वेगवान डिस्क) आहे आणि ती भरत आलीय. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो दोन्हीला ५१२ टाका. भाचा म्हणतो १ टीबीच्या, म्हणजे हजार जीबीच्या, खाली बघूच नका. "एकदाच विचारतो, किती जीबी घेतली म्हणजे परत बघायला लागणार नाही?"

दादा, दोन्ही मशीनला एकच माप लावू नका. दुकानाच्या डेस्कटॉपला २५६ जीबी पुरून उरेल. लेकीच्या लॅपटॉपला १ टीबी घ्या. म्हणजे दुकानदार दोन्हीकडे चुकला आणि भाचा निम्मा. असं का, ते सांगतो. सांगलीच्या विश्रामबागेत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं हेच काम करतोय, त्यामुळे जरा लांबेल.

गिऱ्हाईक येतं ते जुनी हार्डडिस्क केवढी होती तो आकडा घेऊन. "आधी १ टीबी होती, आता २५६ कशी पुरेल?" अहो, गोडाऊन केवढं होतं ते नको, आत माल किती होता ते सांगा. 'धिस पीसी' उघडा, सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, त्यात निळ्या रंगाचा 'युज्ड स्पेस' आकडा असतो. डीचाही तसाच बघा आणि दोन्हीची बेरीज करा. गेल्या महिन्यात कवठेमहांकाळचे एक द्राक्षबागायतदार आले होते. "लॅपटॉप लय हळू चालायलाय, १ टीबीची एसएसडी घाला." बघितलं तर वापरलेली जागा ७१ जीबी. त्यातले ४० जीबी पाहुण्याच्या पोरानं टाकलेले पिक्चर. त्यांना २५६ची दिली. उरलेल्या पैशात रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) ४ जीबीची ८ केली. त्यांना खरी गरज रॅमचीच होती.

आता तुमच्या दुकानाचा हिशोब. विंडोज नीट बसून अपडेट झालं की साधारण ३० ते ४० जीबी खातं. ऑफिस, ब्राउझर, टॅली, प्रिंटर-स्कॅनरचं सॉफ्टवेअर धरलं तरी ६०-७०च्या आत राहता. टॅलीचा डेटा लोकांना वाटतो तेवढा मोठा नसतोच. मार्केट यार्डातल्या एका हळद अडत्यांचा अकरा वर्षांचा टॅली डेटा मी हलवला, तो सगळा मिळून पावणेदोन जीबी भरला. जीएसटीच्या फाइली आणि ई-वे बिलांच्या पीडीएफ तर चिल्लर. म्हणजे २५६ घेऊनही तुमची दोन तृतीयांश जागा मोकळी राहील, आणि दहा वर्षांत ती भरेल असं काही तुमच्या धंद्यात दिसत नाही. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग मात्र या एसएसडीवर घेऊ नका. डीव्हीआरला त्याची स्वतःची हार्डडिस्क असते, ते काम तिचंच.

तुमचा मदरबोर्ड चौथ्या पिढीचा आहे, म्हणून लांबट पट्टीसारखी एम-डॉट-टू एसएसडी बहुतेक बसायचीच नाही. अडीच इंची साटाच, म्हणजे जुन्या हार्डडिस्कच्याच वायरीवर लागणारी, घ्या. साटाचा वेग सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडतो, नव्या पट्टीचा तीन-साडेतीन हजार आणि त्याच्याही पुढे जातो. हे ऐकून हळहळू नका. मशीन उशिरा उठतं ते हार्डडिस्कची सुई हजार ठिकाणी बारीकसारीक फाइली शोधत फिरते म्हणून, आणि ती धावपळ साटा एसएसडीतही संपते. सात मिनिटांचं काम अर्ध्या मिनिटात येईल, टॅलीत पुढचा फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही, ती मी सांगतो. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणजे या डब्याचे दिवस मोजकेच आहेत. त्यात मोठी एसएसडी घालणं म्हणजे पाडायच्या घराला रंग देणं. २५६ची साटा एसएसडी उद्या नव्या डेस्कटॉपातही जोडता येते, तेवढं पुरे. वाचलेल्या पैशाची एक बाहेरून जोडायची हार्डडिस्क घ्या आणि दर शनिवारी टॅलीचा बॅकअप तिच्यावर टाका.

बॅकअपचं निघालं म्हणून सांगतो. हरिपूरची हळदीची पेवं तुम्ही बघितली असतील. जमिनीत खोल खड्डा, आत हळद, वरून तोंड बंद. वर्षानुवर्षं माल तसाच. २००५च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि ज्यांचा सगळा माल तिथंच होता ते बसले. एसएसडीला लोक पेव समजतात, ती पेव नाही. ती दुकानाचा ओटा आहे, आज-उद्या हाताळायचा माल मांडायची जागा. वर्षानुवर्षं जपायचं ते हार्डडिस्कवर ठेवा, आणि तेही दोन ठिकाणी. २०१९च्या पुरानंतर महिनाभर माझ्या टेबलावर चिखलानं भरलेले सीपीयू येत होते. रडणारे सगळे एकाच डब्यावर विसंबलेले होते. एसएसडीचं आणखी एक: हार्डडिस्क बऱ्याचदा मरायच्या आधी खडखडते, हळू होते, इशारा देते. एसएसडी आज चालू, उद्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतसुद्धा नाही. चुकून डिलीट झालेलंही परत मिळणं अवघड असतं, कारण विंडोज तिला 'ही जागा आता रिकामी' असं कळवतं आणि ती आपल्या सवडीनं ती जागा खरोखरच पुसून टाकते.

आता लेकीचा लॅपटॉप. हे प्रकरण वेगळं आहे, कारण तिचा माल वाढता आहे.

दिवाळीच्या आधी एका सिव्हिलच्याच मुलाचा लॅपटॉप आला होता, हुबेहूब तुमच्या लेकीसारखा: १६ जीबी रॅम, २५६ची एसएसडी, सी ड्राइव्हची पट्टी लाल. ९ जीबी शिल्लक होते. त्याला शेजारी बसवून एकेक फोल्डर मोजला. विंडोज आणि अपडेट ३४ जीबी. मोठ्या अपडेटनंतर विंडोज आपली जुनी प्रत बाजूला ठेवतं, ती २२. हायबरनेशनची, म्हणजे मशीन झोपवताना चालू काम जपून ठेवणारी, फाइल ६ जीबीच्या वर. रॅमच्या सुमारे चाळीस टक्के जागा ती मुकाट्यानं धरून ठेवते. पेज फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची जागा, ८. मग सिव्हिलची सॉफ्टवेअर: ऑटोकॅडच्या दोन आवृत्त्या २०, कारण कॉलेजात एक आणि क्लासला दुसरी. रेव्हिट आणि त्याची लायब्ररी २५, स्टॅड ४. इथपर्यंत ठीक. पुढे व्हॉट्सॲप ३१! वर्गाच्या ग्रुपवर आलेला प्रत्येक व्हिडिओ आपोआप उतरत होता. डाउनलोड्स ४६, त्यात एकाच नोट्सची पीडीएफ चार वेळा, शेवटी कंसात एक, दोन, तीन असे आकडे असलेली. मोबाइलचे फोटो २९.

जुन्या विंडोजची प्रत काढली, डाउनलोड्स झाडलं, व्हॉट्सॲपचं आपोआप उतरणं बंद केलं, फोटो बाहेर हलवले. पंच्याहत्तर-ऐंशी जीबी मोकळे झाले, पोरगं खूश. मार्चमध्ये तोच लॅपटॉप परत टेबलावर, पट्टी परत लाल. या वेळी कचरा नव्हता, खरंच काम वाढलं होतं.

म्हणून लेकीचं गणित असं मांडा. आधी केर काढा आणि मग उरलेला आकडा बघा. धरू १५० जीबी. तिला अजून दोन वर्षं कॉलेज आहे, पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षातही हाच लॅपटॉप वापरेल. सॉफ्टवेअर आणि प्रोजेक्ट धरून वर्षाला ६०-७० जीबी वाढतात, हा माझ्याकडे येणाऱ्या सिव्हिल-मेकॅनिकलच्या पोरांवरून बांधलेला अंदाज. तीन वर्षांत साडेतीनशे होतात. एसएसडीचा पाचवा हिस्सा मोकळा सोडायचा असतो, तो धरला की तुम्ही ४४० वर पोचता. ५१२ची ड्राइव्ह विंडोजमध्ये ४७६ दिसते. म्हणजे काठोकाठ. त्यात शेवटच्या वर्षाला ड्रोन सर्व्हेचा प्रोजेक्ट घेतला तर संपलंच. ते फोटो जोडून नकाशा बनवताना मधल्या फाइलीच शंभर जीबी सहज खातात.

पण एक बघा. लॅपटॉपात एम-डॉट-टूचा दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर १ टीबीचा हट्ट नको. आतली २५६ तशीच राहू द्या, शेजारी ५१२ची जोडा. विंडोज पुन्हा टाकायला नको, मजुरीही कमी. स्लॉट एकच असेल तर मात्र १ टीबी, कारण ५१२ घेऊन दोन वर्षांनी परत काढायची म्हणजे ती ५१२ ठेवणार कुठं? मागचं झाकण एकदाच उघडावं या मताचा मी आहे. झाकणाच्या प्लास्टिकच्या क्लिपा दुसऱ्यांदा उघडताना तुटतात.

४७६ वरून दर आठवड्याला कुणीतरी भांडायला येतं, म्हणून तेही सांगून टाकतो. कंपनीचा जीबी म्हणजे सरळ १०० कोटी बाइट. विंडोज मोजतं ते १०२४चा तीनदा गुणाकार करून, म्हणजे सुमारे १०७ कोटी ३७ लाखांचा एक. तुमच्या भाषेत, ही तूट नव्हे. माल तेवढाच आहे, एकानं क्विंटलमध्ये मोजला आणि दुसऱ्यानं मणात. २५६चे २३८ दिसतात, १ टीबीचे ९३१. खरेदीचा हिशोब नेहमी या दुसऱ्या आकड्यावर करा.

पाचवा हिस्सा रिकामा का सोडायचा? एसएसडीत लिहिता येतं पानापानानं, पण खोडता येतं ते अख्खी वहीच. एका वहीतली चार पानं बाद झाली, तर उरलेली कामाची पानं आधी दुसऱ्या वहीत उतरवायची आणि मग ती वही कोरी करायची. ही उतरवाउतरव आतली कंट्रोलर चिप गुपचूप करत असते. कोरी वही शिल्लक असेल तोवर तुम्हाला पत्ता लागत नाही. ड्राइव्ह गच्च भरली की तुम्ही फाइल सेव्ह करायला जाता आणि ती आधी कोरी वही करायला बसते. शिवाय आजच्या बहुतेक एसएसडी एका पेशीत, म्हणजे साठवणीच्या सर्वांत बारीक कप्प्यात, तीन किंवा चार बिट कोंबतात. ते सावकाशीचं काम असतं, म्हणून मोकळ्या पेशींत आधी एकेकच बिट झटपट लिहितात आणि नंतर नीट रचतात. मोकळी जागा कमी, तर हे झटपट अंगणही लहान. भरलेल्या स्वस्त ड्राइव्हवर ४० जीबीचा फोल्डर टाकून बघा: सुरुवातीला घोडा, पुढे सेकंदाला शंभर एमबीच्या खाली रांगणारी बैलगाडी. ड्राइव्ह खराब झालेली नसते, भरलेली असते.

लहान ड्राइव्ह मुळात लिहायलाही मंद असते. आत चिपा कमी, म्हणजे एकाच वेळी लिहिणारे हात कमी. सॅमसंगच्या ९७० इव्हो प्लसमध्ये २५० जीबीचा लिहिण्याचा वेग सेकंदाला २३०० एमबी सांगितलाय, १ टीबीचा ३३००. आयुष्याचंही तसंच: ८७० इव्होची २५० जीबी १५० टेराबाइट लिखाणापर्यंत वॉरंटीत, १ टीबी ६०० पर्यंत. हा आकडा दाखवून मोठी ड्राइव्ह गळ्यात मारणारे पुष्कळ आहेत. तुम्ही गणित करा. दुकानात रोज २० जीबी लिहिले जातात असं धरू (टॅलीवर तेवढेही होत नाहीत) तर वर्षाला सव्वासात टेराबाइट होतात. १५० संपायला वीस वर्षं. तोवर तुमचा सीपीयू भंगारात गेलेला असेल. टिकाऊपणासाठी म्हणून दुकानाला मोठी घेऊ नका. लेकीला मोठी घ्यायची ती जागेसाठी, वेग वरचा नफा समजा.

एका सवयीबद्दल मात्र मला राग आहे. आपल्याकडे सी, डी, ई असे तुकडे पाडल्याशिवाय मशीन दिल्यासारखं वाटत नाही. ५०० जीबीच्या हार्डडिस्कवर ते खपून जायचं. २५६च्या एसएसडीचे सी १००, डी १३८ असे तुकडे पाडले, तर वर्षभरात सी लाल होते आणि डी निम्मी रिकामी बसते, मग माणूस "एसएसडी लहान पडली" म्हणून नवी घ्यायला येतो. गेल्या दोन वर्षांत असे निदान पंधरा जण मी फक्त तुकडे जोडून परत पाठवलेत. लेकीच्या लॅपटॉपातही आधी हे बघा. तसं निघालं, तर कदाचित काहीच घ्यायला लागणार नाही. तुकडे पाडल्यानं डेटा सुरक्षित राहतो हा समजही सोडा. ड्राइव्ह गेली की सगळी अक्षरं एकदम जातात.

इतरांनी विचारलं तर थोडक्यात: मिरजेत लग्नाचं शूटिंग करणारे माझे दोघं-तिघं गिऱ्हाईक आहेत. त्यांचा फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटच्या दरानं तासाला ४५ जीबी होतो. त्यांना चालू कामासाठी १ किंवा २ टीबी एसएसडी आणि झालेल्या लग्नांसाठी मोठ्या हार्डडिस्क, दुसरा मार्ग नाही. गेम खेळणाऱ्यांनी १ टीबीच्या खाली बघू नये. 'रेड डेड रिडेम्प्शन २' एकटाच १५० जीबी मागतो. तुमच्या भाच्याचा सल्ला कुठून आला असेल ते माझ्या ध्यानात आलंय.

खरेदी बिलावरच करा. ऑनलाइन कवडीमोलात २ टीबी, ४ टीबीच्या 'एसएसडी' दिसतात, त्यांच्या आत बऱ्याचदा ६४ जीबीची मेमरी असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. कॉपी झाल्यासारखं दिसतं, उघडायला गेलं की फाइल खराब. एचटूटेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतं, त्यात ही लबाडी उघडी पडते. जुन्या लॅपटॉपातून काढलेली मिळत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ती किती तास चालली आणि किती लिहिलं गेलं ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. भाव मी मुद्दाम सांगत नाही, तो महिन्याला बदलतो. दुकानात उभं राहून किंमत भागिले जीबी करा. ५१२ आणि १ टीबीचा दर जीबीमागे सारखाच किंवा १ टीबीचा कमी निघाला, तर लेकीसाठी विचार करत बसू नका.

लॅपटॉप घेऊन सांगलीला याल तेव्हा आदल्या दिवशी एक काम करा. नव्या विंडोज लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन केलं की ड्राइव्हला बऱ्याचदा बिटलॉकरचं, म्हणजे डेटा सांकेतिक करून ठेवणारं, कुलूप आपोआप लागतं, घरच्यांना ते माहीतही नसतं. ड्राइव्ह बदलताना ४८ आकड्यांची किल्ली मागितली आणि ती नसली, की सगळं तिथंच थांबतं. लेकीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती किल्ली दिसते, कागदावर उतरवून घ्या. ओटीपी तिच्या मोबाइलवर येतो, म्हणून तिलाच सोबत आणा. डेस्कटॉपचा फक्त सीपीयू पुरे, मॉनिटर नको. शनिवारी यार्डाचा सौदा उरकून दुपारी चारच्या पुढे या. दोन्ही मशीन सातपर्यंत हातात देतो. आणि लॅपटॉपचा चार्जर विसरू नका, सगळे विसरतात.